मुलं वाचवणाऱ्यांचे हात बांधायचे आणि वर त्यांनाच प्राणायाम शिकवायचा

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

सध्या सरकारी खात्यांत आणि संस्थांमध्ये एका कार्यक्रमाची फार चलती आहे. ताणतणाव व्यवस्थापन कार्यशाळा. सभागृहात बॅनर, व्यासपीठावर वक्ते, खाली खुर्च्यांवर आठवडाभर फिल्डवर फिरून दमलेले कर्मचारी. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक विचार करा. मग चहा-बिस्कीट, ग्रुप फोटो, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, अहवाल वरिष्ठांना. झालं ताणाचं व्यवस्थापन.

माझं प्राणायामाशी काही भांडण नाही. करा, रोज करा. माझं भांडण त्यामागच्या समजुतीशी आहे. समजूत अशी की माणूस थकला, चिडचिडा झाला, काम सोडून गेला, तर दोष त्याच्या मनाचा. त्याचं मन घट्ट करा म्हणजे प्रश्न सुटला. अहो, भाकरी करपली तर आपण भाकरीला बोल लावत नाही. तवा किती तापला होता आणि उलथायला कुणी होतं का, ते बघतो.

आज लिहायचंय ते आपल्या जिल्ह्यात मुलांसाठी काम करणाऱ्या माणसांबद्दल. बाल संरक्षण कक्षातले सामाजिक कार्यकर्ते, क्षेत्र कार्यकर्ते, समुपदेशक, १०९८ हेल्पलाइनचे केस वर्कर, आणि यांच्यात कुणी मोजत नाही पण सगळ्यात जास्त राबते ती अंगणवाडी सेविका. ही मंडळी रोज जे बघतात ते आपल्याला एक दिवस बघवणार नाही. अत्याचार झालेल्या सात वर्षांच्या पोरीशी बोलायचं आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या पोरीचा अभ्यास घ्यायचा, हे सोपं नाही. पण माझं ठाम मत आहे की ही माणसं दुःख बघून मोडत नाहीत. दुःख बघण्याची तयारी करूनच ती या कामात आलेली असतात. ती मोडतात ते सगळी जबाबदारी अंगावर आणि एकही निर्णय हातात नाही, या अवस्थेमुळे.

आधी थोडा हिशोब करू, म्हणजे चित्र समोर येईल.

जालना जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर, आज अर्थातच जास्त. आठ तालुके. गावं साडेनऊशेहून जास्त. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ते किती? दोन. क्षेत्र कार्यकर्ते? तेही दोन. म्हणजे सगळी पदं भरलेली आहेत असं धरलं तरी एका सामाजिक कार्यकर्त्याच्या वाट्याला चार तालुके. जाफ्राबादचं टोक कुठं आणि घनसावंगीचं गोदाकाठचं गाव कुठं! मानधन सामाजिक कार्यकर्त्याला महिना १८,५३६ रुपये, क्षेत्र कार्यकर्त्याला १०,५९२. नेमणूक कंत्राटी. पैसा साठ टक्के केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा. दोन्हीकडची गाठ पडली की मानधन, नाही पडली की वाट बघा.

आणि काम किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या बायकांना विचारलं, तुमचं लग्न अठराच्या आत झालं का? राज्याचा आकडा २१.९ टक्के. परभणीचा ४८, बीडचा ४३.७. आपल्या जालन्याचा ३५ च्या आसपास. म्हणजे साधारण तिघींतली एक. परभणी-बीडची नावं मोठी झाली म्हणून आपण सुटलो असं कुणी समजू नये.

कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्याकडून दसरा-दिवाळीला टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाला कोयता लागतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी झाली की उचल मिळते. वयात आलेली पोर एकटी घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापाचा प्रश्नही खोटा नाही. त्यात कापूस-सोयाबीनचं एखादं वर्ष गेलं की लग्न हा खर्च कमी करायचा मार्ग होतो. या सगळ्यासमोर आपण उभे केलेत दोन सामाजिक कार्यकर्ते आणि एक टोल फ्री नंबर.

आता मुद्द्यावर येतो. एक फोन कसा पुढं जातो ते बघू. ही कुठली घडलेली घटना नाही, कायदा आणि पद्धत समजावी म्हणून मांडतोय.

समजा, मे महिना आहे. परतूर तालुक्यातल्या एका गावातून १०९८ वर फोन येतो. मुलगी नववीतून दहावीत गेलेली, आज संध्याकाळी हळद, उद्या दुपारी लग्न. फोन करणाऱ्याची एकच अट, माझं नाव येऊ देऊ नका.

फोन जिल्ह्याच्या युनिटकडे येतो, तिथून कार्यकर्तीकडे. तिला आता निघायचंय. गाडी? गाडी तिच्या ताब्यात नसते, कुणाला तरी मागावी लागते, आणि साहेब मीटिंगमध्ये असले की मीटिंग सुटेपर्यंत हळद लागून जाते. मग एसटी, नाहीतर स्वतःची स्कुटी. जालना ते परतूर साठेक किलोमीटर, गाव त्याच्याही पुढं. मे महिन्याचं ऊन.

वयाचा पुरावा लागतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. म्हणजे निर्गम उतारा पाहिजे. शाळा उन्हाळी सुट्टीत बंद. मुख्याध्यापक छत्रपती संभाजीनगरला. रजिस्टर कपाटात, किल्ली त्यांच्याकडे.

पोलीस पाहिजेत, कारण दोनशे माणसांच्या मांडवात एकट्या बाईनं जाणं म्हणजे काय ते सांगायला नको. ठाण्यात माणूसबळ कमी. आणि आपल्या जिल्ह्यात तर गेली काही वर्षं बंदोबस्त कधी संपतो आणि कधी पुन्हा सुरू होतो तेच कळेनासं झालंय.

गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कोण? ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. तक्रार देण्याचं काम त्यांचं. त्यांच्या मदतीला अंगणवाडी सेविका. ग्रामसेवकाला त्याच गावात घरपट्टी वसूल करायचीय, त्याच सरपंचाबरोबर पाच वर्षं काढायचीत. सेविका तर त्या मुलीच्या गल्लीतच राहते. दोघांनाही माहीत असतं, पण दोघंही कार्यकर्तीकडे बघतात, तुम्ही बाहेरच्या आहात, तुम्हीच बोला.

ती बोलते. तुम्ही कोण, कार्ड दाखवा. कार्डावर कंत्राटी पद. कुणीतरी मोबाईल पुढं करतो, घ्या, भाऊंशी बोला. भाऊ म्हणजे कोण ते प्रत्येक गावात वेगळं असतं, सुर मात्र तोच. ती तरीही अडून बसते, उतारा मिळवते, लग्न थांबवते, आईबापाकडून अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून घेते. मुलीला बाल कल्याण समितीपुढं हजर करायचं. निर्णय समितीचा. पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. अहवालात ती लिहिते, घरी धोका आहे, पुढच्या सहा महिन्यांत दर पंधरवड्याला भेट लागेल, दहावीसाठी वसतिगृहाची सोय झाली तर बरं. समिती मुलीला पालकांच्या ताब्यात देते. बहुतेक वेळा तेच योग्यही असतं.

मग तीन महिन्यांनी त्या मुलीचं लग्न दुसऱ्या जिल्ह्यात, मामाच्या गावी, बिनमांडवाचं, पाच माणसांत होऊन जातं. बातमी येते. वरून विचारणा कुणाला? फॉलो-अप का केला नाही म्हणून खुलासा कुणी द्यायचा?

बरोबर. तिनंच.

या साखळीत निर्णय कुणी कुणी घेतले ते मोजा. गाडी द्यायची की नाही, साहेबांनी. पोलीस पाठवायचे की नाही, ठाण्यानं. उतारा कधी द्यायचा, मुख्याध्यापकांनी. गुन्हा नोंदवायचा की नाही, ग्रामसेवकानं. मुलगी कुठं राहील, समितीनं. कार्यकर्तीनं स्वतःच्या अखत्यारीत घेतलेला निर्णय एकच, एसटीनं जायचं की स्कुटीनं. आणि जाब फक्त तिला.

कुणी म्हणेल, मग काय मूल आईबापापासून तोडायचा अधिकार कंत्राटी माणसाच्या हातात देता? नाही. अजिबात नाही. तो अधिकार एकट्या माणसाकडे नसावा हेच बरोबर. कायद्यानं अध्यक्ष आणि चार सदस्यांची समिती त्यासाठीच केलीय. मी मुलाच्या आयुष्यावरचा अधिकार मागत नाहीये, स्वतःच्या कामावरचा मागतोय. आज कुठल्या गावाला जायचं, कुठली केस आधी घ्यायची, किती वेळा भेटायचं, कुठल्या फालतू कामाला नाही म्हणायचं, आणि आपली शिफारस फेटाळली गेली तर त्याचं कारण कागदावर मिळवायचं, एवढंच. या दोन गोष्टींची गल्लत करून अधिकाऱ्यांनी फार वर्षं वेळ मारून नेली आहे.

फालतू काम हा शब्द मुद्दाम वापरलाय. बालसंगोपन योजनेचंच घ्या. योजना उत्तम आहे. एक पालक गेलेल्या किंवा दोन्ही गेलेल्या मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात, कोविडनंतर तर कितीतरी घरांना त्याचाच आधार झाला. पण प्रत्येक अर्जाला गृहभेट, प्रत्येक गृहभेटीला अहवाल, अहवालाची एंट्री, समितीचा आदेश, पुन्हा पुनर्विलोकन. त्यात एजंट शिरले, सरसकट अर्ज आले. माणसं तेवढीच. जिथं खरोखर एखादं पोर मार खातंय तिथं जायचा दिवस कुठल्या तरी तक्त्यातले रकाने भरण्यात जातो. आज अर्जंट माहिती, उद्या सुधारित माहिती, परवा तीच माहिती वेगळ्या फॉरमॅटमध्ये. शिवाय कुठला पंधरवडा, कुठली रॅली, कुठल्या कार्यक्रमाला माणसं कमी पडतात म्हणून खुर्च्या भरायला पाठवा यांना. कायम कर्मचारी एखाद वेळी नाही म्हणतो. ज्याची ऑर्डर काही महिन्यांनी पुन्हा निघायची आहे तो कसा म्हणेल?

थोडं बाहेरचं सांगतो. हा माझ्या डोक्यातला शोध नाही.

रॉबर्ट कॅरासेक नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९७९ साली स्वीडन आणि अमेरिकेतल्या कामगारांची माहिती तपासून एक गोष्ट मांडली. नुसत्या जास्त कामानं माणूस तेवढा खचत नाही. काम जास्त आणि त्या कामावर ताबा कमी, ही जोडी माणसाला खाते. काम जास्त पण ताबाही जास्त असेल तर उलट माणूस शिकतो, वाढतो. लंडनच्या सरकारी कार्यालयांतल्या दहा हजारांवर नोकरदारांचा १९८५ पासून वर्षानुवर्षं अभ्यास झाला. तिथंही दिसलं की ज्यांच्या हातात आपल्या कामाचे निर्णय कमी, त्यांना हृदयविकार जास्त. लोक समजतात बीपी साहेबाला होतं. साहेबाला होतंच, पण साहेबाच्या शिपायाला आणि क्लार्कला जास्त होतं. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हटलं. म्हणजे इलाज कामाच्या ठिकाणी करायचा आहे.

मुलांच्या कामाबद्दलच सांगायचं तर इंग्लंडचं उदाहरण बोलकं आहे. २००७ मध्ये लंडनच्या हॅरिंगे भागात दीड वर्षाचंही नसलेलं एक बाळ घरातल्या छळानं मेलं. डॉक्टर, पोलीस, सामाजिक कार्यकर्ते त्या घराच्या संपर्कात होते, तरी वाचवू शकले नाहीत. देश हादरला, पेपरांनी सामाजिक कार्यकर्त्यांना झोडपलं, लोक हे काम सोडून जाऊ लागले. पुढं तिथल्या सरकारनं प्राध्यापक आयलीन मन्रो यांना अभ्यास करायला सांगितलं. त्यांचा अहवाल २०११ ला आला. त्यांनी दाखवलं की प्रत्येक दुर्घटनेनंतर एक नवा नियम, एक नवा फॉर्म, संगणकात एक नवा रकाना वाढत गेला, आणि कार्यकर्ते मुलाकडे बघायचे सोडून रकान्याकडे बघायला लागले. नियम कमी करा, प्रशिक्षित माणसाच्या निर्णयबुद्धीला जागा द्या, असं त्यांनी सांगितलं. श्रीमंत देश, कायम नोकऱ्या, गाड्या-घोडे सगळं असून तिथं ही गत. आपण तर तीच चूक १८ हजारांत करतोय.

आता अंगणवाडी सेविकेकडे येतो, कारण ताबा काढून घेणं म्हणजे काय ते तिच्याइतकं कुणाला कळत नाही.

१९७५ साली २ ऑक्टोबरला एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली, म्हणजे पन्नास वर्षं झाली. पन्नास वर्षांनंतरही सेविका मानसेवी आहे, कर्मचारी नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तेव्हा कुठं या कामाला काम म्हटलं गेलं. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातल्या सेविका पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या, आठवत असेल. चर्चा सगळी मानधनाची झाली. मानधन महत्त्वाचंच. पण त्याआधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, याच बायकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत करायचं आंदोलन केलं होतं, ते किती जणांच्या लक्षात आहे? फोन निकृष्ट, वारंवार बिघडणारे, आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत. काम मराठीत, लेकरं मराठी, सेविका मराठी, अ‍ॅप इंग्रजी! तेव्हाही लोक म्हणाले, बायकांना तंत्रज्ञान जमत नाही. अहो, त्यांना तंत्रज्ञान जमत होतं. तंत्रज्ञानालाच त्यांचं काम जमत नव्हतं.

आता २०२५ पासून घरी न्यायचा आहार द्यायचा तर लाभार्थीचा चेहरा अ‍ॅपनं ओळखला पाहिजे. समोर उभी असलेली गरोदर बाई सेविकेच्या भावकीतली. तिचं लग्न, तिचं पहिलं बाळंतपण, सगळं सेविकेनं बघितलेलं. पण नेटवर्क नाही, ओटीपी ज्या फोनवर जातो तो नवऱ्याच्या खिशात आणि नवरा शेतात. अ‍ॅप म्हणतं, ओळख पटली नाही. आहार कसा द्यायचा? बाई चिडते ती सेविकेवर. आपल्या गावातल्या माणसाला ओळखण्याचासुद्धा अधिकार सेविकेकडून काढून घेतला, याहून वेगळा अपमान काय असतो? मधल्या काळात लाडक्या बहिणीचे फॉर्म भरले ते तिनंच. मतदार यादी तिच्याकडे. आणि वर तिनं कुपोषित लेकरू शोधून त्याच्या घरी जाऊन बसावं, आईशी निवांत बोलावं, अशी अपेक्षा. कधी बोलणार?

चोरी होते, बोगस लाभार्थी असतात, म्हणून अ‍ॅप आणलं असं सांगतात. होत असेल चोरी. मग चोरी पकडा. दहा ठिकाणी अचानक तपासणी करा, दोषीवर कारवाई करा. एकाच्या चोरीसाठी शंभर जणींना रोज चोर ठरवायचं ही कुठली पद्धत? ज्याच्यावर रोज अविश्वास दाखवला जातो तो हळूहळू कागदापुरतंच काम करायला लागतो. कागद चोख, पोर उपाशी. हे आपल्याकडे नवीन नाही.

या सगळ्याची किंमत शेवटी कोण देतं? पोरं. अत्याचार झालेलं मूल पहिल्या भेटीत बोलत नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलतं, तेही एकाच माणसाशी. तो माणूस सहा महिन्यांत काम सोडून जिल्हा परिषदेच्या भरतीचा अभ्यास करायला पुण्याला गेला, की नवीन माणसापुढं ते मूल पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगणार? ते गप्प बसतं. कोर्टात केस कमकुवत होते. आरोपी गावात कॉलर ताठ करून फिरतो. आपण म्हणतो, कायदा कडक पाहिजे. कायदा कडकच आहे हो! पोक्सो काय कमी कडक आहे? कायद्याची गोष्ट त्या मुलापर्यंत नेणारा माणूस टिकत नाही, ती अडचण आहे.

यावर नेहमीचं उत्तर येतं, कंत्राटी आहे हे माहीत असूनच आले ना, मग तक्रार कशाची? हे उत्तर देणारे बहुतेक कायम नोकरीतले असतात, हा आपला योगायोग. मराठवाड्यात एमएसडब्ल्यू होऊन बाहेर पडणाऱ्या पोरापोरींपुढं जागा किती आहेत ते एकदा सांगा, मग निवड होती का ते बोलू.

हे लिहिण्यामागं कुठल्या एका कक्षावर किंवा अधिकाऱ्यावर रोख नाही. अधिकारीही बदलून येतात-जातात, त्यातले काही मनापासून करतात. रचनाच अशी आहे, आणि ती राज्यभर अशीच आहे. पण म्हणून सगळं मुंबई-दिल्लीवर ढकलायचं कारण नाही. बाल न्याय कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, १ सप्टेंबर २०२२ पासून ती लागू आहे, आणि तिच्यामुळं बाल संरक्षण कक्ष जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आला. बाल कल्याण समितीच्या कामाचा दर तिमाहीला आढावाही त्यांनीच घ्यायचा. म्हणजे जिल्ह्याच्या पातळीवर करता येण्यासारखं बरंच काही त्यांच्या एका सहीवर आहे.

काय करता येईल? बालविवाहाचा किंवा अत्याचाराचा फोन आला की कार्यकर्तीनं कुणाला न विचारता गाडी करावी आणि बिल नंतर मिळावं, अशी सोय करता येईल. रक्कम कितीशी लागणार? एका सत्काराच्या खर्चात सगळा लग्नसराईचा हंगाम निघेल. प्रत्येक पोलीस ठाण्यात कायद्यानंच बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. कार्यकर्तीनं मागणी केली की ठरलेल्या वेळेत त्यांनी माणूस द्यावा, नाही दिला तर कारण लेखी द्यावं. निर्गम उताऱ्यासाठी मुख्याध्यापकाच्या किल्लीची वाट का बघायची? विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा सरल आणि यू-डायसवर भरलेल्या आहेत, त्या बघायची परवानगी द्या, रात्री आठलाही वय कळेल, कागद दुसऱ्या दिवशी येईल. बाल संरक्षणाच्या माणसांना रॅली, सोहळे आणि गर्दी जमवायला वापरू नये असा दोन ओळींचा आदेश काढा. आणि तिमाही आढाव्यात फक्त किती बालविवाह थांबवले हे विचारू नका. कार्यकर्त्यांनी केलेल्या किती शिफारशी मान्य झाल्या, किती फेटाळल्या, का फेटाळल्या, आणि थांबवलेल्या लग्नांतल्या किती मुली आज शाळेत आहेत, हे विचारा. आढाव्याला साहेबांबरोबर खालच्या दोन कार्यकर्त्यांनाही बसवा आणि बोलू द्या.

चार तालुक्यांना एक माणूस, मानधनाचा उशीर, कंत्राटाची टांगती तलवार, हे मात्र वरचंच काम. आपल्या पालकमंत्री पंकजाताई मुंडे २०१४ ते २०१९ महिला व बालविकास मंत्री होत्या. ऊसतोड कामगारांच्या घरातलं दुःख त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही, हे खातंही त्यांनी आतून बघितलंय. जालन्यासारख्या जिल्ह्याला दोन नाही, तालुक्याला एक सामाजिक कार्यकर्ता पाहिजे, हे मंत्रिमंडळात त्यांनी नाही बोलायचं तर कुणी? मागणी मोठी वाटत असेल तर हिशोब करा. आठ तालुक्यांना आठ माणसं म्हणजे सहा वाढीव. सहा जणांचं सध्याच्या दरानं वर्षाचं मानधन साडेतेरा लाखांच्या आत बसतं. एखाद्या गावाच्या वेशीवरची कमान याहून महाग पडते.

आणि शेवटी आपण. फोन करतो तेव्हा नाव येऊ देऊ नका म्हणतो. ठीक आहे, भीती असते, भावकी असते, मी समजू शकतो. पण दुसऱ्या दिवशी ती एकटी बाई मांडवात उभी राहून दोनशे माणसांच्या शिव्या खाते तेव्हा त्या दोनशेत आपण असतो. तिच्या बाजूनं एक माणूस उठून बोलत नाही, पंगत मात्र चुकत नाही.

प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच अध्यक्ष, सेविका, शिक्षक, आशाताई वगैरे सदस्य. आपल्या गावची समिती कागदावर नक्की आहे. ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, सदस्य कोण आहेत आणि शेवटची बैठक कधी झाली. उत्तर मिळालं तर गावाच्या नावासह खाली कमेंटमध्ये टाका, नाही मिळालं तर तेही टाका. जमलेली यादी वर लिहिलेल्या मागण्यांच्या निवेदनाला जोडून जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची आहे. सही करायला ज्यांना यायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. कार्यकर्ते आणि सेविकांनी मात्र इथं नावानं काही लिहू नका, तुमची ऑर्डर पुन्हा निघायची आहे.